उपशामक सेवेतील वेदनानियंत्रण

उपशामक सेवेतील वेदनानियंत्रण म्हणजे कर्करोगासारखा दुर्धर आजार झालेल्या रुग्णाची वेदना ओळखणे, मोजणे व शमवणे होय. आजार बरा होण्याजोगा नसला तरी वेदना बहुतांशी आटोक्यात आणता येते, हे या सेवेचे मूलतत्त्व आहे. ब्रिटिश वैद्य सिसिली सॉन्डर्स यांनी शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखाचा एकत्रित विचार करणारी 'समग्र वेदना' ही संकल्पना मांडली.

वेदनेची ओळख

रुग्णाचे स्वतःचे सांगणे हा वेदनेचा मुख्य पुरावा मानला जातो. तिची तीव्रता ० ते १० या अंकांत विचारतात. रुग्ण बोलू शकत नसल्यास कपाळावरील आठ्या, कण्हणे, अस्वस्थपणा व स्पर्श होताच अंग आक्रसणे यांवरून ती ताडली जाते.

उपचार

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तीन पायऱ्यांची उपचारपद्धती सुचवली. तिच्यात सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल, मध्यम वेदनेसाठी कोडीन व तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन यांसारखी औषधे येतात. वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध ठरलेल्या वेळी, शक्यतो तोंडाने दिले जाते. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता होत असल्याने सोबत रेचक देतात. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन जडण्याची भीती सहसा अनाठायी ठरते. या भीतीपोटी मात्र अनेकांची वेदना अनुपचारित राहते.

भारतातील स्थिती

देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना आश्रम, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. अमली पदार्थविरोधी कायद्यातील (१९८५) किचकट परवान्यांमुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ केली.