वकिलांची पंगत

अमेरिकेत वकिलांची एक संस्था आहे. तिचे सभासद साधारण महिन्यातून एकदा जमतात, बहुतेक वेळा एकत्र जेवतात आणि त्याच बैठकीत वकिली शिकतात. शिकणाऱ्यांत कायद्याचे विद्यार्थी असतात, नुकतीच सनद मिळालेली पोरं असतात, वीस-वीस वर्षं कोर्टात काढलेले वकील असतात आणि चक्क न्यायाधीशही असतात. संस्थेचं नाव 'अमेरिकन इन्स ऑफ कोर्ट'.

मी वकील नाही. पण आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे आणि त्यांचं ऑफिस घरातच होतं. त्यामुळे वकील नेमका घडतो कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात जुना आहे. त्याचं एक उत्तर मला या संस्थेच्या इतिहासात सापडलं, म्हणून हा लेख.

नावापासून सुरुवात करू. 'इन' हा शब्द लंडनचा. लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन या तिथल्या चार जुन्या संस्था. बॅरिस्टर व्हायचं तर यांपैकी एकीत नाव घालावं लागतं. मध्ययुगात विद्यार्थी तिथेच राहायचे. ज्येष्ठ मंडळी कायद्यावर व्याख्यानं द्यायची, जेवणानंतर खोटे खटले चालवले जायचे, पोरांनी बाजू मांडायची आणि थोरांनी चुका काढायच्या. पंगत होती, पण पंगतीत शिकणं होतं.

मग १६४२ मध्ये इंग्लंडात यादवी सुरू झाली आणि हे सगळं मोडलं. युद्ध संपलं तरी शिकवणं काही नीट सुरू झालं नाही. गंमत अशी की जेवणं मात्र टिकली! जवळजवळ दोनशे वर्षं ठरावीक जेवणं जेवली की माणूस बॅरिस्टर, असा कारभार चालला. १८५२ मध्ये चारही इन्सनी मिळून शिक्षणासाठी एक मंडळ नेमलं आणि १८७२ पासून परीक्षा सक्तीची झाली. पण पूर्वीचं ते थोरांसमोर उभं राहून शिकणं हरवलं ते हरवलंच.

याचा परिणाम काय, ते आपल्या मुंबईनेच पाहिलं आहे. गांधीजी १८९१ मध्ये इनर टेम्पलमधून बॅरिस्टर झाले. जेवणं झाली होती, परीक्षा झाल्या होत्या. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून एक प्रश्न फुटेना. खाली बसले, फी परत केली आणि अशिलाला दुसरा वकील बघायला सांगितलं. हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिलं आहे. कायदा त्यांना येत होता. उभं कसं राहायचं हे कुणी दाखवलं नव्हतं.

आता अमेरिकेत येऊ. वॉरेन बर्गर १९६९ ते १९८६ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात भाषण करताना त्यांनी एक बॉम्ब टाकला. गंभीर खटल्यांत उभे राहणाऱ्या वकिलांपैकी एक तृतीयांश ते निम्मे वकील त्या कामाला खऱ्या अर्थाने लायक नसतात, असं ते म्हणाले. वकीलवर्ग भडकला. आकडा कुठून आणला असं लोकांनी विचारलं, आणि ते बरोबरही होतं, कारण तो मोजलेला आकडा नव्हता, अंदाज होता. पण दुखणं खोटं आहे असं छातीठोकपणे म्हणणारे फार नव्हते.

१९७७ मध्ये बर्गर अमेरिकन वकील-न्यायाधीशांबरोबर इंग्लंडला गेले. तिथल्या इन्समध्ये तरुण आणि ज्येष्ठ एकाच छपराखाली वावरतात, हे त्यांच्या मनात बसलं. पुढे युटा राज्यात त्यांना मनासारखी माणसं भेटली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन रेक्स ली, विद्यापीठाचे अध्यक्ष डॅलिन ओक्स आणि फेडरल न्यायाधीश शर्मन क्रिस्टेन्सन. या मंडळींनी १९८० मध्ये प्रोव्हो या गावात पहिला इन सुरू केला. न्यूयॉर्क नाही, वॉशिंग्टन नाही, प्रोव्हो! मला हे फार आवडलं. १९८५ मध्ये देशपातळीवरची संस्था उभी राहिली आणि आज साडेतीनशेहून जास्त इन आहेत.

पद्धत साधी आहे. एका इनमध्ये साधारण ऐंशी माणसं. त्यांच्या छोट्या तुकड्या पाडायच्या आणि प्रत्येक तुकडीत न्यायाधीश, मुरलेले वकील, नवखे आणि विद्यार्थी असे सगळे मिसळायचे. एकेका महिन्याचा कार्यक्रम एकेका तुकडीने बसवायचा. उलटतपासणी करून दाखवायची, कधी मुद्दाम चुकीची करायची, अशिलाने खोटं बोलायचा आग्रह धरला तर काय करायचं असा पेच मांडायचा आणि मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं. कार्यक्रम बसवताना नवख्या पोराची न्यायाधीशाशी ओळख होते, ते वेगळंच. खरं शिकणं बहुधा तिथेच होत असावं.

वकिलांच्या पुढच्या शिक्षणाचा दुसराही रस्ता अमेरिकेत होता, तो म्हणजे व्याख्यानांचा. हॅरोल्ड सेलिग्सन यांनी १९३३ मध्ये, ऐन मंदीत, न्यूयॉर्कला प्रॅक्टिसिंग लॉ इन्स्टिट्यूट सुरू केली. युद्धानंतर, १९४७ मध्ये, अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट आणि अमेरिकन बार असोसिएशन यांनी मिळून देशभर असे वर्ग घ्यायला समिती नेमली. १९७५ मध्ये मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी ते सक्तीचं केलं. ठरावीक तास भरा, नाहीतर सनद धोक्यात. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशी सक्ती आहे. नवा कायदा समजायला हे उत्तमच. पण तास भरणं आणि शिकणं यात फरक आहे, हे शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडे काय? १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा अशी तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून एक वर्षाची उमेदवारी परत आणली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, कारण कौन्सिलला तसा अधिकारच नव्हता. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आहे आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे परीक्षा आली. पंगत काही आली नाही.

पण पंगत आपल्याकडे नव्हती असंही नाही. ती सीनियरच्या ऑफिसात होती. आजोबांचे ज्युनियर सकाळी आठला यायचे, फाइली लावायचे, कैफियतीचा मसुदा लिहायचे आणि आजोबा तो लाल शाईने खोडायचे. कोणता प्रश्न विचारायचा यापेक्षा कोणता विचारायचा नाही, हे ते सांगत. संध्याकाळी आजीच्या हातचा चहा व्हायचा. त्या ऑफिसातून निघालेले दोघंतिघं पुढे जिल्ह्यात नावाजले.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. ते सगळे ज्युनियर कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी मेहुणा होते. ओळखीशिवाय आलेला एकही मला आठवत नाही. मुलगी तर एकही नाही. आजोबा माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांच्या ऑफिसचं दार ओळखीनेच उघडायचं. बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात उभे राहिले, तेव्हा जातीमुळे सॉलिसिटरांकडून काम मिळणं त्यांना किती जड गेलं हे आपण जाणतोच. एवढ्या विद्वत्तेपुढे जे दार उघडलं नाही, ते बाकीच्यांना कसं उघडणार?

हे आत्ताच का सुचलं, तर भाचीला यंदा सनद मिळाली. परीक्षाही पास झाली. घरात आता कुणी वकील उरलेलं नाही. ती एकेका ऑफिसात जाऊन विचारते आहे. कुणी म्हणतं जागा नाही, कुणी म्हणतं ये, पण दोन वर्षं पैसे मागू नकोस. २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियरना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मग पैसे ज्याच्या घरी आहेत तोच दोन वर्षं फुकट शिकू शकतो. बाकीचे कोर्ट सोडून नोकरी बघतात. उद्या तुमचा-माझा दावा लागेल तेव्हा आपल्यासमोर उभा राहणारा वकील याच चाळणीतून आलेला असणार.

अमेरिकन इन म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथेही सभासदसंख्या मर्यादित असते, फी असते आणि आपल्या माणसालाच जवळ करायची खोड तिथल्या लोकांनाही असणारच. पण त्यांनी एक गोष्ट केली. सीनियर मिळणं हे नशिबावर न सोडता, नवख्यांना मुरलेल्यांच्या शेजारी बसवायची रचना केली. त्यासाठी कायदा लागला नाही, इमारत लागली नाही. प्रोव्होसारखं एक गाव, एक न्यायाधीश, काही वकील आणि महिन्यातली एक संध्याकाळ एवढ्यावर सुरुवात झाली.

आपल्या प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात बाररूम आहे. तिथे चहा येतोच, गप्पाही होतातच. महिन्यातून एक संध्याकाळ, पाच जुने वकील, दहा नवे, आणि नव्यांत निदान निम्मे असे की ज्यांचं कोर्टात कुणी ओळखीचं नाही. एवढं एखाद्या तालुक्याने करून बघायला काय हरकत आहे?