खलाशी गणवेशातील मुली

किशोरवयीन मुलीची प्रतिमा कोण घडवते, शाळा, शासन, बाजार की ती स्वतः, या प्रश्नाचा इतिहास शोधू गेल्यास जपानमधील एका गणवेशापाशी थांबावे लागते. पाठीवर रुंद चौकोनी कॉलर, पुढे रुमालाची गाठ आणि चुण्यांचा स्कर्ट असे त्याचे रूप. मूळचा हा वेष आरमारातील खलाशांचा. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या चार वर्षांच्या पुत्राचे या वेषातील चित्र रंगवले गेले आणि पुढे तो युरोपभर मुलांचा आवडता पोशाख झाला.

जपानी कन्याशाळांत तो १९२० च्या सुमारास आला. तो प्रथम आणल्याचा मान एकाहून अधिक शाळा सांगतात. त्यांतील फुकुओका जो गाकुइन या मेथडिस्ट मिशनच्या शाळेने प्राचार्या एलिझाबेथ ली यांच्या काळात, १९२१ साली, तो स्वीकारला. पारंपरिक पेहरावात मुलींना खेळता, धावता येत नव्हते, हे त्यामागचे साधे कारण. धर्मभगिनींच्या शाळांत शिकलेल्या आपल्या मायबहिणींना गणवेशामागची ही दृष्टी परकी वाटू नये.

पुढे युद्ध आले. खलाशी वेषाची जागा ‘मोंपे’ या ढगळ विजारींनी घेतली. १९४५ साली ओकिनावा बेटावर दोन शाळांतील २२२ विद्यार्थिनी व त्यांचे १८ शिक्षक सैनिकी इस्पितळाच्या शुश्रूषेसाठी नेले गेले. त्या २४० जणांपैकी १३६ जणांना मृत्यू आला. मुलीच्या आयुष्यावर शासनाने हक्क सांगितला, म्हणजे काय होते, याचे याहून विदारक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

युद्धोत्तर काळात मुलींच्या मासिकांतील चित्रकथांनी वेगळी नायिका दिली. १९५३ साली ओसामू तेझुका यांनी रंगवलेली राजकन्या सफायर सिंहासनाच्या हक्कासाठी राजपुत्र म्हणून वावरते. पराक्रम करायचा तर मुलीने मुलगा व्हावे, असा तो काळ होता. १९६६ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या चेटकीण सॅलीला मात्र वेषांतराची गरज उरली नाही.

मार्च १९९२ मध्ये ‘सेलर मून’ ही चलच्चित्र मालिका सुरू झाली व फेब्रुवारी १९९७ पर्यंत तिचे २०० भाग झाले. मूळ चित्रकथा नाओको ताकेउची या औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या तरुणीची. तिची नायिका उसागी चौदा वर्षांची, अभ्यासात मागे आणि रडवी. तरीही मैत्रिणींच्या साथीने ती जगाचे रक्षण करते, तेही खलाशी गणवेशाच्या रूपातच. शाळेने दिलेला वेष येथे वीरवेष ठरला. त्याच वेळी तिच्या जादूच्या कांडीची खेळणी दुकानांत आली. मुलींना धैर्य देणारी कथा मुलींकडून पैसेही मिळवू लागली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

खऱ्या विद्यार्थिनीही स्वस्थ नव्हत्या. १९७० च्या दशकात बंडखोर मुलींनी स्कर्ट घोट्यापर्यंत लांबवले. १९९० च्या दशकात टोकियोच्या शिबुया भागातील मुलींनी ते आखूड केले, पायांत ढिले मोजे घातले आणि गायिका नामिए आमुरोचे अनुकरण केले. वडीलधाऱ्यांना दोन्ही वेळा संताप आला. त्या दशकात पैशांसाठी शाळकरी मुलींची सोबत शोधणाऱ्या पुरुषांचा प्रश्न जपानमध्ये गाजला, तेव्हाही पुष्कळसा दोष मुलींच्या मोज्यांना व स्कर्टना देण्यात आला. गिऱ्हाईक झालेल्या प्रौढांकडे बोट वळण्यास वेळ लागला.

अलीकडे अनेक जपानी शाळांनी मुलींना गणवेशात विजार निवडण्याची मुभा दिली आहे. शंभर वर्षांपूर्वी मुलींना मोकळेपणी धावता यावे म्हणून हा वेष आला होता. आता त्या काय घालू इच्छितात, हे त्यांनाच विचारले जात आहे. आपल्या घरांतील मुलींच्या कपड्यांवर व कार्टूनवर बोलण्यापूर्वी आपणही प्रथम त्यांना विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.