विमान टेकलं, पण कॉम्प्युटरला पटेना

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री मुंबईला उतरत होतो. बाहेर धो धो पाऊस. विमान असं काही आदळलं की शेजारच्या काकूंनी "अगं बाई!" म्हणत माझा हातच धरला. मीही मनातल्या मनात पायलटला चार शब्द सुनावले. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, की ओल्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवायचं नसतंच मुळी. जरा दणकूनच टेकवायचं असतं. का? त्यासाठी १९९३ सालच्या वॉर्साला जावं लागेल.

तारीख १४ सप्टेंबर. लुफ्तान्साचं एअरबस ए-३२० फ्रँकफर्टहून वॉर्साला येत होतं. आत ७० माणसं. विमानतळावर वादळी पाऊस. वारा धोकादायकपणे बदलतोय असा इशारा मिळालेला, आणि वारा बाजूने आहे अशी माहिती. म्हणून वैमानिकांनी वेग थोडा जास्त ठेवला आणि विमान किंचित उजवीकडे कलतं ठेवून टेकवलं. पुस्तकात सांगितलंय तसंच. पण तोवर वारा फिरला होता. तो आता मागून ढकलत होता.

आता थोडं तांत्रिक. उतरलेलं विमान तीन गोष्टींनी थांबतं. चाकांचे ब्रेक, पंखांवर उभे राहणारे स्पॉयलर (यांनी पंखांची उचल जाते आणि वजन चाकांवर येतं) आणि इंजिनाचा झोत पुढे वळवणारा रिव्हर्स थ्रस्ट. पण हे हवेत चुकून चालू झालं तर? ही भीती काल्पनिक नाही. २६ मे १९९१ ला लाउडा एअरच्या बोइंग ७६७ चा रिव्हर्स थ्रस्ट बँकॉकहून निघाल्यावर हवेतच उघडला आणि विमानातले सगळे, २२३ जण गेले.

म्हणून ए-३२० मध्ये कॉम्प्युटर आधी खात्री करून घेतो, की आपण खरंच जमिनीवर आहोत का? त्या वेळचा नियम साधारण असा होता. डाव्या आणि उजव्या दोन्ही मुख्य पायांवर किमान ६.३ टन भार हवा, किंवा दोन्हीकडची चाकं ताशी १३३ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरायला हवीत. यातलं एक खरं ठरलं तर स्पॉयलर उघडतील. रिव्हर्स थ्रस्टला मात्र भाराचीच अट. वाचून मला तरी यात काही चूक दिसली नाही. कोड रिव्ह्यूला आलं असतं तर मीही पास केलं असतं!

पण त्या दिवशी काय झालं? उजवा पाय धावपट्टी सुरू झाल्यापासून ७७० मीटरवर टेकला, डावा अजून हवेत. म्हणजे भाराची अट अपुरी. धावपट्टीवर पाणी साचलेलं, त्यावर चाकं तरंगत घसरली, नीट फिरलीच नाहीत. म्हणजे दुसरी अटही अपुरी. कॉम्प्युटरच्या मते विमान हवेतच! वैमानिकांना वेग कमी करायचा होता आणि कॉम्प्युटरला दुसरं कुणी "अरे बाबा, टेकलोय!" असं सांगूही शकत नव्हतं. डावा पाय टेकला ९ सेकंदांनी, १५२५ मीटरवर. तेव्हा कुठे स्पॉयलर आणि रिव्हर्स थ्रस्ट सुरू झाले. चाकांच्या ब्रेकना पकड मिळायला आणखी चारेक सेकंद गेले. धावपट्टी २८०० मीटरची. विमान तिच्या टोकावरून बाहेर पडलं तेव्हाही वेग ताशी १३३ किलोमीटरच्या आसपास होता. पुढे मातीचा बांध. त्यावर आपटून आग लागली. एक प्रवासी आणि एक वैमानिक दगावले.

चौकशी अहवालाने वैमानिकांच्या निर्णयांवर बोट ठेवलं, पण विमानाच्या रचनेमुळेही हाताशी असलेले ब्रेक वापरण्यावर मर्यादा आली, हेही नोंदवलं. पुढे भाराची अट बरीच खाली आणली गेली.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? कुठलाही पार्ट तुटला नव्हता, प्रोग्रॅम हँग झाला नव्हता. टेस्टिंगवाल्याने नियमाबरहुकूम तपासलं असतं तर हिरवी टिक मिळाली असती. चूक होती 'उतरणं' या एका शब्दाच्या व्याख्येत. ती टेबलावर बसून केली होती, आणि एका पायावर, पाण्यात, मागच्या वाऱ्यात उतरणारं विमान तिच्यात बसत नव्हतं. बरं, व्याख्या सैल करावी तर लाउडा एअर आठवतं. दोन्हीकडे माणसंच मरतात.

आमच्याकडे क्लायंट वैतागला की आम्ही तिकिटावर लिहितो, 'स्पेकप्रमाणे चालतंय' आणि बंद करून टाकतो. मीही कितीदा लिहिलंय. वॉर्साचं विमानही स्पेकप्रमाणेच चाललं होतं की!

असो. त्या रात्रीच्या पायलटला मनात दिलेल्या शिव्या परत घेतो. दणका बसला तो बरा. दोन्ही पाय टेकले होते.