दोन बंदरांचे सूर

देवळांतील गायनवृंदाचे व वाद्यें वाजविणाऱ्यांचे श्रम जमाखर्चाच्या वहींत येत नाहींत. म्हणून धर्मग्रामाच्या इतिहासांत त्यांच्या वाट्यास फार तर एखादी ओळ येते. ही ओळ किती दूरवर जाऊन पोहोंचते, हें एका उदाहरणानें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें. तें उदाहरण म्हणजे मुंबईच्या चिक चॉकलेट याचा जॅझ वाद्यवृंद होय. न्यू ऑर्लिन्स व मुंबई ह्या दोन बंदरांचें संगीत त्यांत एकत्र आलें.

न्यू ऑर्लिन्स हें अमेरिकेच्या दक्षिणेकडील शहर फ्रेंचांनीं १७१८ सालीं वसविलें. गुलामगिरींतून सुटलेल्या तेथील कृष्णवर्णीय समाजानें १९०० च्या सुमारास मिरवणुकींचे बँड, भक्तिगीतें व आफ्रिकेहून वारशानें आलेले ताल यांच्या मिश्रणांतून जॅझ संगीत घडविलें. ह्या संगीतांत वादक केवळ कागदास बांधलेला नसतो. मूळ चाल धरून तो आयत्या वेळीं नवे अलंकार रचतो. ह्या कलेचा थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग तेथलाच. आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असें तो सांगत असे. १९७१ सालीं तो वारल्यावर कांहीं वर्षांनीं येशूच्या पवित्र हृदयाच्या तेथील देवळांत बाप्तिस्म्याची नोंद सांपडली, आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ ठरली.

इकडे पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या धर्मग्रामीय शाळांत मुलांस गायन, स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. शिकविणाऱ्यास ‘मेस्त’ म्हणत. देवळांतील उपासनेसाठीं दिलेली ही विद्या पुढें पोटाची विद्या झाली. ती घेऊन अनेक तरुण मुंबईस आले, व मूकपटांच्या नाट्यगृहांत आणि हॉटेलांत वाजवूं लागले. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. ह्या दोघांच्या वृंदांत फ्रँक फर्नांड यांसारखे गोमंतकीय वादकही बसले. मेस्तानें कागद वाचावयास शिकविलें होतें. कागदावरची दृष्टि केव्हां उचलावी, हें ह्या पाहुण्यांनीं शिकविलें.

चिक चॉकलेट हा बारदेशांतील हळदोण्याचा. त्याचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा. आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर तो ट्रंपेट वाजवी व गाई. म्हणून लोक त्यास भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. बोलपटांत तो पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा साहाय्यक होता. येथें अडचण अशी होती कीं, आपल्याकडील चाल एकेरी सुरांची व कानानें शिकावयाची; पाश्चात्य वृंदांत मात्र प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिहून द्यावा लागतो. चाल ऐकून ती स्वरलिपींत उतरविणें, तिला साथीच्या सुरांचा आधार देणें, कोणत्या वाद्यानें कोठें बोलावें हें ठरविणें, हें काम गोमंतकीय संयोजकांनीं केलें. १९५१ च्या ‘अलबेला’ बोलपटांत हा मेळ ऐकावयास मिळतो. त्यांतील एका नृत्यगीतांत चिक व त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. जॅझचा वादक व आपला गवई हे दोघेही आयत्या वेळीं सूर फुलविणारे. त्यामुळें हा संबंध परका वाटला नाहीं.

परंतु ह्या वैभवास एक उणेपणा आहे. गाणें संगीतकाराच्या नांवानें गाजे; वाजविणाऱ्यांचीं नांवें बहुधा पडद्यावर येत नसत. चिक १९६७ सालीं निवर्तला. तो निदान नांवानें उरला. त्याच्यामागें बसणारे कित्येक वादक, आणि त्यांना खेड्यांतील शाळेंत पहिला सूर लावून देणारे मेस्त, नांवानिशीं विस्मृतींत गेले.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी कीं, ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या देवळांत वाजविलेल्या व गाइलेल्या माणसांचीं नांवें, गांव व वाद्य यांसह लिहून ठेवावीं. हें काम लहान नव्हे. सातां समुद्रांपलीकडच्या एका थोर वादकाची खरी जन्मतारीख एका धर्मग्रामाच्या वहीनेंच राखली. आमच्या वादकांचीं नांवें राखण्यास तसलीच एक वही पुरे आहे.