जहाजावरील चारचा चहा

जालन्याला समुद्र नाही. कुंडलिकेच्या काठचे हे व्यापारी गाव 'जालना सोने का पालना' म्हणून फार पूर्वीपासून नावाजलेले. सरकी, धान्य, बियाणे आणि अलीकडे लोखंड यांच्या उलाढालीत रमलेले. मुंबईचे बंदर येथून दोन-अडीचशे मैलांवर. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या इतिहासात जहाजावरील चहापानाचा विषय निघावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात जालन्याहून निघून थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आलेला एक मनुष्य येथे राहत होता, आणि त्याच्या घराण्याची सारी कथाच कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाबरोबर बसून प्यावे, या प्रश्नाभोवती फिरलेली आहे.

त्यांचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. ते प्रॉटेस्टंट, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक. आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. तरीही मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांना विसरू नये. ब्राह्मण घराण्यात जन्मलेले नारायण मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. तो अवघा बारा वर्षांचा. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला घरच्यांच्या स्वाधीन केले. खरा तंटा सुरू झाला तो त्यानंतर. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो ख्रिस्ती लोकांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडचे जेवला होता. त्याला पुन्हा जातीत घ्यावे काय? 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे, असा पक्ष धरला. सनातनी मंडळी उलटली आणि मुंबईच्या ब्रह्मवृंदात उभी फूट पडली. मुलाच्या मनात कोणती श्रद्धा आहे, याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. चौकशी झाली ती त्याच्या ताटाची.

हे लक्षात ठेवले म्हणजे पुढे नारायण शेषाद्री बोटीवर चढले, याचे महत्त्व कळते. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्यास कामाचे ठाणे केले. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी गावाजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिच्यातील बहुतेक कुटुंबे मांग समाजातील होती. जन्माने ब्राह्मण असलेला पुरुष मांगवाड्यातून आलेल्या बायाबापड्यांच्या पंक्तीला बसे, ही गोष्ट त्या काळच्या मराठवाड्याला केवढी विलक्षण वाटली असेल, याची आपणास आज कल्पना करणेही कठीण.

१८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली. तेथे शेषाद्री हिंदुस्थानातर्फे बोलले. पांढरे पागोटे घातलेला हा ख्रिस्ती ब्राह्मण अमेरिकन श्रोत्यांत भलताच लोकप्रिय झाला. त्या वेळी जालन्याला रेल्वे नव्हती. ती आली विसावे शतक उजाडताना, मनमाड-हैदराबाद मार्गाने. तोवर बैलगाडीने किंवा टांग्याने जी. आय. पी. रेल्वे गाठायची, तेथून मुंबई, मुंबईहून आगबोट. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालण्याचा फेरा वाचला होता आणि विलायतेची वाट साधारण तीन आठवड्यांवर आली होती.

आता त्या आगबोटीवरील चहाविषयी. दुपारचा चहा ही इंग्रजांची रूढी फार जुनी नव्हे. मध्यान्हीचे खाणे आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांच्यामध्ये जीव घाबरा होतो म्हणून बेडफर्डच्या डचेसने १८४० च्या सुमारास ती पाडली, असे सांगतात. पण इंग्लंडच्या राजवाड्यात चहाचा मान वाढवला तो तिच्याही पूर्वी एका कॅथलिक राजकन्येने. पोर्तुगालची कॅथरिन ऑफ ब्रगांझा १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली, तेव्हा तिने माहेरची चहा पिण्याची सवय बरोबर नेली. तिच्याच आंदणात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. पोर्तुगीज या पेयाला 'शा' म्हणतात आणि आपण 'चहा'. इंग्रजांनी मात्र चीनच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा उच्चार उचलून 'टी' केले. असो.

पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर दिवस खाण्याच्या घंटांनी मोजला जाई. सकाळची न्याहारी, दुपारचे टिफिन, चार वाजता चहा, रात्रीचे मोठे जेवण. शीतगृहे येण्यापूर्वी ताज्या दुधासाठी बोटीवर गाय ठेवीत, मेंढ्या-कोंबड्याही असत. समुद्र खवळला की टेबलांवर लाकडी चौकटी बसवीत, म्हणजे कपबशा घसरून पडत नसत. वीज येण्यापूर्वी जेवणघरात पंखे दोरीने ओढावे लागत. तांबड्या समुद्रात तर उकाडा असा, की चारचा चहा डेकवर कनातीच्या सावलीत मांडावा लागे. खुर्च्या टाकून बसलेले अधिकारी, मिशनरी, चहामळ्यांचे मालक, त्यांच्या मडमा. मध्ये चांदीची किटली आणि पातळ कापलेला पाव. या घोळक्यात एखादा मराठी माणूस येऊन बसला, की साधासुधा पेला एकाएकी जड होई.

समुद्र ओलांडणे हे कलियुगात वर्ज्य मानलेले. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. पण बारकाईने पाहिले तर खाऱ्या पाण्यापेक्षा भीती होती ती गोड्या पाण्याची आणि ताटाची: ते कोणी आणले, कोणी शिजवले, शेजारी कोण बसले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस वैद्यकी शिकण्यासाठी निघाल्या. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पण आपला आहार सोडायचा नाही हा निश्चय त्यांनी बोटीवरही पाळला. १८८८ च्या सप्टेंबरात 'क्लाइड' बोटीने मुंबईहून निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास गांधी संकोचाने जेवणघरात जाईना. घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर तो खोलीतच दिवस काढी. काटा-चमचा धरता येत नाही आणि कशात मांस आहे हे विचारण्याची लाज वाटते, ही त्यांची स्वतःची कबुली आहे. त्यांच्या ज्ञातीने तर ते निघण्यापूर्वीच त्यांना वाळीत टाकले होते.

आणि या चहासाठी बोटीवरच चढावे लागे असेही नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमिनीवर बसून घेतलेल्या एका पेल्याने जो गदारोळ उडवला, तसा कोणत्याही समुद्रयात्रेने उडवला नसेल. हे मिशन अँग्लिकन पंथाच्या काउली फादर्सचे. तेथे काम करणाऱ्या भगिनी इंग्लंडमधील वाँटेजच्या, म्हणजे जेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्याच मठाच्या. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. मंडळीत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले असे पुण्याचे पुढारी होते. कोणी पेला ओठाला लावला, कोणी नुसता हात लावून बाजूस ठेवला. हा बेत घडवून आणणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे त्याच आनंदीबाईंचे पती. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवली आणि गंमत पाहत बसले. गोपाळरावांचा स्वभावच असा, की मित्राची फजिती झाल्याखेरीज त्यांना विनोद पुरा झाल्यासारखा वाटत नसे.

पुढे ग्रामण्य झाले. शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले, खटल्यासारखी बैठक बसली, प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी काशीस आपण प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना ब्राह्मण मिळणे काही काळ दुरापास्त झाले. रानड्यांनी तर मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले; सुधारकांच्या अग्रणीचे हे नमणे पाहून त्यांचे अनुयायी खिन्न झाले. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. मला वाटते, या सर्वांत खरी किंमत ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच चुकती केली होती, ते जालन्याचे शेषाद्री बंधूच. पुण्याच्या मंडळींना परतीची वाट होती. नारायणरावांनी ती स्वतःच बंद करून घेतली होती, म्हणून बोटीवरील चहा त्यांना निर्धास्तपणे पिता आला.

येथपर्यंत आपण पेला घेणाऱ्यांकडे पाहिले. आता तो देणाऱ्याकडे वळू. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर मुख्यतः कोकण-गुजरात किनाऱ्यावरचे खलाशी, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाब आणि सरहद्दीकडील मुसलमान, आणि जेवणघर, स्वयंपाकघर व खोल्यांच्या दिमतीला गोव्याचे कॅथलिक. पांढरा कडक कोट घालून चारच्या ठोक्याला किटली घेऊन येणारा स्टुअर्ड बहुधा साष्टीतल्या वा बार्देशातल्या कुठल्या तरी गावचा असे. त्यांनाच का निवडले? गोमांस, डुकराचे मांस, दारू यांपैकी कशालाही हात लावण्यास त्यांची हरकत नसे. युरोपीय पद्धतीचा स्वयंपाक आणि टेबल मांडणे ठाऊक असे. आणि पगार युरोपीय नोकराच्या मानाने फारच थोडा चाले. ज्या गोष्टीने ब्राह्मण प्रवाशाची जात जाई, तीच गोष्ट या माणसाला भाकरी मिळवून देई.

यांचे मुंबईतील आयुष्य 'कूड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीगृहांत गेले. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत एकेका गावाचा एकेक कूड. विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांची संख्या तीनशेच्या वर होती. आत प्रत्येकाची पेटी भिंतीला लावलेली, निजण्याची जागा जमिनीवर, समोर गावाच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याचा सक्तीचा नियम. बोट मिळेपर्यंत माणूस येथे थांबे. खिशात 'नल्ली', म्हणजे खलाशाच्या नोकरीची सरकारी पुस्तिका. ती हीच त्याची इस्टेट. गोव्यातील कित्येक चर्चच्या फेस्ताला, कित्येक घरांच्या नळ्यांच्या छपराला आणि मुलांच्या शाळेच्या फीला हा चहा वाढून मिळालेला पैसा लागला आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती आपल्याला रुचणारी नसली तरी. बोटीवर ज्यांच्या हातून सर्व जातींचे, सर्व धर्मांचे लोक चहा घेत, त्यांच्या घरी जात नव्हती असे नाही. गोव्यातील कित्येक चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे संतांच्या सेवेसाठी असलेल्या मंडळ्या, जातीनुसार वाटलेल्या होत्या. काही कुडांतही कोणाला घ्यावे याचा विचार गावाबरोबर जात पाहून होई. आपल्या पठारावरही वेगळे घडले नाही. नगरकडे मिशनऱ्यांना हाच अनुभव आला, की बाप्तिस्मा घेतलेले महार आणि बाप्तिस्मा घेतलेले मांग एकमेकांचे पाणी पिण्यास कचरत. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल, की लक्ष्मीबाई टिळक पतीकडे परत आल्यावरही आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवीत होत्या. त्यांनी ते सोवळे सोडले तेव्हा कोणाच्या उपदेशाने सोडले नाही. स्वतःच विचार करून सोडले, आणि ती हकीकत त्यांनी स्वतःलाही हसत सांगितली आहे. नारायण शेषाद्रींनी बेथेलमध्ये जे केले, ते त्यामुळेच पागोटे घालून न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा मोठे मानावे लागते. परिषदेत टाळ्या पडल्या. बेथेलच्या पंक्तीत टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते.

विमाने आली आणि विलायतेच्या नियमित प्रवासी बोटी १९७० च्या आसपास बंद पडल्या. ज्या बोटी आता चालतात त्या सहलीच्या. मुंबईहूनही २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीची सहलीची बोट सुटू लागली. तिच्यावर मराठी कुटुंबे सुट्टीत गोव्याला, लक्षद्वीपला जातात आणि चार वाजता डेकवर बसून चहा घेतात. परत आल्यावर त्यांना कोणी प्रायश्चित्त विचारीत नाही. जगभरच्या क्रूझ बोटींवर गोव्याचे तरुण आजही हजारोंनी नोकरीला आहेत. ते आता दाबोळी किंवा मोपाहून विमानाने थेट बोटीच्या बंदराला जातात, त्यामुळे मुंबईतील कूड ओस पडत चालले आहेत. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत मात्र काही अद्याप टिकून आहेत. जिना चढून वर गेले की दाराशीच गावाचे नाव दिसते, आत पेट्यांची रांग, आणि तिच्या वर संताच्या मूर्तीपुढे दिवा.