शंकूची मालकी कोणाची?

तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकावर तो नारिंगी शंकू असेल. रस्त्याच्या कामावर ठेवतात ना, तसाच. व्हीएलसी. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हा उद्योग सुरू केला. कॅम्पसचं नेटवर्क संथ, नवं हवं तर काहीतरी भारदस्त कारण पाहिजे. मग ठरलं, उपग्रहावरून येणारा टीव्ही नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा. (गेम खेळायला वेग हवा होता, हे मागाहून हसत हसत सांगितलं गेलं!)

२००१ साली संस्थेनं परवानगी दिली आणि कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला. वापरा, बदला, वाटा. पण पुढच्या माणसावर नवी बंधनं घालू नका. खरी परीक्षा इथेच होती. २०१० मध्ये व्हीएलसी आयफोनवर आलं, आणि प्रकल्पातल्याच एकानं हरकत घेतली: अ‍ॅप स्टोअरच्या अटी म्हणजे नवी बंधनंच की! जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलनं ते काढून टाकलं.

अनेकांना हा हटवादीपणा वाटला. मला नाही वाटत. फुकट आणि मुक्त यांतला फरक आम्ही वर्गात फळ्यावर समजावायचो. त्यानं तो किंमत मोजून दाखवला.

परवाना सैल करायचा, तर ज्याची ज्याची ओळ त्यात आहे त्याची संमती हवी. कारण मालक एक नव्हताच. जगभर विखुरलेल्या त्या माणसांना गाठून विचारावं लागलं. २०१३ च्या जुलैत शंकू आयफोनवर परतला.