उनपदेवचं पाणी, बावची आणि ऊन

चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं. शरभंग ऋषींच्या अंगावरचा रोग जावा म्हणून रामानं बाण मारला आणि झरा फुटला, अशी तिथली कथा. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यातही याच नावाचा झरा आहे. या पाण्यानं कातडीचे रोग जातात, ही खान्देशातली जुनी श्रद्धा. गरम पाण्यानं सोरायसिसचे खवले सुटतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. कोडाचा गेलेला रंग मात्र त्यानं परत येत नाही.

दोन्ही रोगांना एकत्र बसवण्याची खोड झऱ्याचीच नाही. चरकसंहितेत खवल्यांची कुष्ठं आणि श्वित्र, म्हणजे कोड, एकाच अध्यायात येतात. महारोगही त्याच गोतावळ्यात. या सरमिसळीची किंमत कोड असलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली. विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुलींनी.

गंमत अशी, की कोड आणि सोरायसिसचं नातं आज विज्ञानही मान्य करतं, फक्त महारोगाला वगळून. महारोग जंतूंमुळे होतो. बाकीचे दोन्ही एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंगपेशी मारते; सोरायसिसमध्ये तीच बिथरते आणि महिनाभराचं कातडीचं चक्र काही दिवसांत उरकतं. एक रोग असलेल्याला दुसरा होण्याची शक्यता थोडी जास्त असते. कधी कोडाच्या डागावरच सोरायसिसचा चट्टा उठतो. कातडीला इजा झालेल्या जागी सोरायसिस उमटतो, हे जर्मन डॉक्टर कोबनर यांनी 1872 मध्ये दाखवलं, कोडाचंही तसंच.

उपायही सामाईक निघाला. श्वित्रावर काळ्या उंबराचा रस घेऊन उन्हात बसायला चरकानं सांगितलं होतं. बावची या वनस्पतीचा वापरही तितकाच जुना. बावचीतलं सोरालेन उन्हाला कातडी हळवी करतं. याच जातीचं द्रव्य इजिप्तच्या एल मोफ्ती यांनी 1948 मध्ये कोडावर वापरलं, आणि 1974 मध्ये अमेरिकेत अतिनील किरणांच्या जोडीनं ते सोरायसिसवर आलं. आता बहुतेक ठिकाणी सोरालेनशिवायच 311 नॅनोमीटरचे किरण मोजून देतात.

मोजून, हे महत्त्वाचं. जळगाव-धुळ्याच्या वैशाखी उन्हात बावची चोळून बसलं तर कातडी भाजते, आणि भाजल्या जागी दोन्ही रोग नव्यानं उठू शकतात. उनपदेवला दर्शनाला जरूर जावं. डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.